दुखणं जमिनीला, औषध खिडक्यांना

या वेळचं पत्र:

काका, नमस्कार. आम्ही दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकापासून वीस मिनिटांवर एका मोबाइल होम पार्कमध्ये राहतो. नवरा पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक), मी घरून अर्धवेळ काम करते. गावातली भाडी परवडेनात म्हणून मागच्या वर्षी १९८४ सालचं, १४ बाय ६६ फुटांचं घर रोख पैसे देऊन घेतलं. जागेचं भाडं वेगळं. पहिला हिवाळा लोकरी मोज्यांवर चपला घालून काढला. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, एकेरी काचेच्या. सकाळी काचेवर आतून बर्फ. प्रोपेन ३.२० डॉलर गॅलन, आणि नुसत्या फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, हिवाळाभरात ९०० गॅलन लागले. पाणी विजेवर तापतं. आता एका कंपनीचा माणूस येऊन गेला. बारा खिडक्यांचे ११,४०० डॉलर. बिल निम्मं होईल म्हणतो, करसवलत मिळेल म्हणतो, आणि लगेच सही केली तर हजार डॉलर कमी करतो. डिसेंबरात बाळ येणार आहे, नोव्हेंबरात सांगलीहून आई-बाबा. सही करू का? इन्सुलेशनचं काही करावं का? आधीच्या मालकाने काचेच्या सुट्या चौकटी शेडमध्ये रचून ठेवल्यात, त्या टाकून द्यायच्या का? नवरा म्हणतो, तीन वर्षांत इथून जायचंच आहे, कशाला खर्च. नाव छापू नका.

इथाकाकर,

सही करू नका. सूट आज आहे आणि उद्या नाही असं म्हणणाऱ्याचा उद्याचा भाव सहसा तोच असतो. आणि नसला तरी तुमचं काही बिघडत नाही, कारण घराचं मुख्य दुखणं खिडक्यांत नाहीच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा हा प्रकार चाललाय. शेडमधल्या चौकटी मात्र जपून बाहेर काढा. त्यांच्याकडे येतोच.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात पुरतं बांधून, पोलादी सांगाड्याला चाकं लावून रस्त्याने आणलेलं लांबट घर. जागेवर आलं की ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवतात आणि खालच्या पोकळीभोवती पत्र्याचं किंवा व्हिनाइलचं स्कर्टिंग लावतात. घराला जोतं नसतं. पायाखालच्या फळीच्या खाली हवा असते, आणि इथाकाच्या जानेवारीत ती गोठणबिंदूच्या बरीच खाली असते. १५ जून १९७६ पासून या घरांना अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, नियमावली लागू झाली. त्याआधीची घरं तर देवाच्या भरवशावर. इन्सुलेशनचे नियम नीट कडक झाले ते १९९४ साली. तुमचं घर या दोन्हींच्या मधलं आहे. ते अगदीच टाकाऊ नाही, पण थंडीचा फार विचार करून बांधलेलंही नाही. स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाच्या आत, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात एक कागद चिकटवलेला असेल, त्याला डेटा प्लेट म्हणतात. घर कुठल्या थंडीसाठी आणि छतावर किती बर्फाचा भार धरून बांधलं, ते त्यावर लिहिलेलं असतं. कागद शाबूत असेल तर फोटो काढून ठेवा. पुढे जो कोणी कामाला येईल त्याला तो लागेल.

आता हिशेब करू. सेल्समनने तो केलेला दिसत नाही.

बारा खिडक्या म्हणजे साधारण ११० चौरस फूट काच. ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या एकेरी काचेचा यू-फॅक्टर १.१ च्या आसपास असतो. म्हणजे आत-बाहेर एका अंश फॅरनहाइटचा फरक असेल, तर दर चौरस फुटातून तासाला १.१ बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक) उष्णता निसटते. तुमच्याकडची वर्षाची थंडी सुमारे ७,००० डिग्री-डे धरा (दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, त्याची वर्षभराची बेरीज). प्रोपेनच्या गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात, आणि जुन्या फर्नेसमधून त्यातले ऐंशी टक्के घरात येतात असं समजू. गुणाकार-भागाकार केला की खिडक्यांच्या काचांतून हिवाळाभरात साधारण २८० गॅलन बाहेर जातात असं दिसतं. नऊशेपैकी दोनशे ऐंशी. म्हणजे बाराच्या बारा खिडक्या उद्या विटांनी चिणून टाकल्या आणि त्या भिंतींतून उष्णतेचा कणही गेला नाही असं मानलं, तरी बिल निम्मं होत नाही. मग नुसत्या नव्या काचांनी ते कसं व्हायचं? दुहेरी काचेच्या, लो-ई (उष्णता परत फिरवणारा पातळ) थर असलेल्या चांगल्या व्हिनाइल खिडकीचा यू-फॅक्टर ०.३ च्या आसपास धरला तर वर्षाला दोनशे गॅलन वाचतील, म्हणजे ६४० डॉलर. ११,४०० डॉलर वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील, आणि तुम्ही तिथे राहणार तीन.

आता शेडमधला ऐवज. त्या चौकटी म्हणजे हिवाळ्यात आतल्या बाजूने बसवायच्या स्टॉर्म विंडोज. मोबाइल होमच्या खिडक्यांना त्या बहुतेक वेळा जोडीनेच येत. उन्हाळ्यात काढून ठेवायच्या, ऑक्टोबरात परत लावायच्या. तुमच्या आधीच्या मालकाने काढल्या आणि परत लावल्या नाहीत, किंवा घर विकताना सांगायचं विसरला. त्या लावल्या की यू-फॅक्टर १.१ वरून ०.६ च्या जवळ येतो. वर्षाला सव्वाशे गॅलन वाचतील, चारशे डॉलर. नव्या खिडक्यांनी जेवढं वाचेल त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त तुमच्या शेडमध्ये धूळ खात पडलंय. या चौकटी लावल्यानंतर ११,४०० डॉलरच्या खिडक्या बसवल्या, तर त्यांच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पंचाहत्तर गॅलनची बचत उरते. मग वसुलीला सत्तेचाळीस वर्षं. (हा हिशेब कागदावरचा आहे. खिडकीच्या कडेने वारा शिरत असेल तर नवी खिडकी तोही थांबवते, हे खरं. पण तो थांबवायला दहा डॉलरची फोमची पट्टीही पुरते.)

चौकटी लावताना एक गोष्ट सांभाळा. आतली चौकट गच्च बसली पाहिजे, फटीला जागा नको. घरातली दमट हवा तिच्यामागे शिरली तर बाहेरच्या थंड काचेवर जाऊन गोठते, आणि मग दोन काचांमधला बर्फ पुसायलाही हात पोचत नाही. जुन्या पट्ट्या सोलून नव्या लावा. फुटलेल्या काचेच्या जागी मापाने कापलेला ॲक्रिलिकचा पत्रा चालेल, हलकाही पडतो. ज्या खिडकीची चौकट सापडणार नाही तिला दुकानात मिळणारी पातळ फिल्म लावा. कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, वर फिल्म, आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम केली की ती ढोलासारखी ताणून बसते. दिसायला फार देखणी नाही, पण थंडीपुरतं काम चोख करते.

एवढं झालं तरी मोज्यांवरच्या चपला सुटणार नाहीत. खिडकी गार असली तर गारठा पाठीला, चेहऱ्याला लागतो. सोफा खिडकीपासून दूर सरकवावासा वाटतो. पायाला गारठा लागतो तेव्हा तो खालून येत असतो. म्हणून पहिल्या सुटीच्या दिवशी नवऱ्याला जुने कपडे, हातमोजे, एन-९५ मास्क आणि डोक्याला बांधायचा दिवा देऊन स्कर्टिंगचा एक पत्रा काढून आत पाठवा. तुम्ही जाऊ नका. तिथे फायबरग्लासची धूळ आणि उंदरांचा पसारा असतो, तुमच्या अवस्थेत त्याच्या वाटेला जायचं काम नाही. आत जाण्याआधी ठोकळे सरळ आहेत ना, कुठे तिरके किंवा खचलेले नाहीत ना, ते त्याने बाहेरून पाहावं. आत जमीन ओली असेल तर आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा.

तिथे काय दिसलं पाहिजे? घराच्या पूर्ण लांबीला खालून ताणून मारलेलं एक काळं आच्छादन, ज्याला इथे बेली, म्हणजे पोट, म्हणतात. त्याच्या वर फायबरग्लासची गादी, तिच्या वर जमिनीचे वासे, आणि त्यांच्या मधून फर्नेसच्या गरम हवेचा पत्र्याचा डक्ट. पाण्याचे नळही याच पोटात. आणि बहुधा काय दिसेल तेही सांगतो. आच्छादन चार ठिकाणी फाटलेलं. कधीतरी नळ फुटला म्हणून प्लंबरने कापलं आणि तसंच सोडून गेला. गादी लोंबतेय, एखादा तुकडा जमिनीवर पडलाय, उंदरांनी त्यात बाळंतपणं केलीत. आणि डक्टच्या सांध्यातून तुमचं प्रोपेन तापवून तापवून स्कर्टिंगच्या आतल्या मातीला ऊब देतंय. या जातीच्या घरांतलं सगळ्यात महागडं भोक हेच, आणि ते कोणी दाखवायला येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं.

काम करायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी. नळाची गळती, सांडपाण्याच्या पाइपाची गळती, छतातून येणारं पाणी, हे सगळं आधी बंद. ओल्या गादीवर नवं आच्छादन मारलंत तर पिशवीत पाणी भरून लटकवल्यासारखं होईल, आणि वरची जमीन पार्टिकल बोर्डाची असेल तर ती फुगून पिठासारखी भुगा होईल. बाथरूममध्ये कमोडच्या भोवती पाय दाबून बघा, जमीन लवत असेल तर तिथून सुरुवात.

मग डक्ट. यातलं बरंचसं काम घरातूनच होतं. जमिनीतल्या जाळ्या उचला, आत हात घाला. जाळीखालचा पत्र्याचा गळा आणि लाकडी जमीन यांच्यामध्ये बोट शिरेल एवढी फट हमखास सापडते. ती मॅस्टिकने भरा. मॅस्टिक म्हणजे ब्रशने फासायची जाड राखाडी लुकण. कापडी डक्ट टेप नावाला डक्टची असते, गरम हवेत वर्षा-दोन वर्षांत वाळून गळून पडते. तिच्यावर पैसे घालवू नका. शेवटच्या जाळीच्या पुढे डक्ट आणखी चार-सहा फूट जातो आणि बरेचदा त्याचं तोंड नुसतंच दुमडलेलं असतं. तेही बंद करा. फर्नेस खाली जिथे मुख्य डक्टला जोडलेली असते तो सांधा सगळ्यात मोठा चोर. पण तिथे हात घालायला फर्नेस दुरुस्त करणारा जाणकार माणूसच बोलवा.

नंतर पोट शिवायचं. लोंबणारी गादी वर ढकलून, कमी पडत असेल तिथे नवी घालून, फाटक्या जागी विणलेल्या पॉलिथिनच्या बेली कापडाचं ठिगळ. कडा बेली टेपने आणि शिवाय स्टेपलने किंवा पट्ट्या ठोकून धरायच्या. नुसती टेप थंडीत सोडते. व्यावसायिक मंडळी पोट बंद करून त्यात नळीने सुटं फायबरग्लास फुंकून भरतात. ते उत्तमच, पण त्यासाठी यंत्र आणि सवय लागते. घराखालच्या मातीची ओल वर येऊ नये म्हणून तिच्यावर सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरा. हे काम स्वस्त आहे, आणि तरीही जवळजवळ कोणी करत नाही.

इथे एक धोक्याची सूचना, कारण या चुकीने लोकांचे नळ फुटलेत. आतापर्यंत तुमच्या गळक्या डक्टमुळे घराखालची पोकळी फुकटात गरम राहत होती. तुम्ही ते बंद केलंत की ती जागा आणखी थंड पडणार. जो नळ पोटाच्या आत, गादीच्या वरच्या अंगाला आहे तो सुरक्षित. जो पोटाबाहेर लोंबतोय किंवा जमिनीतून वर येतोय, तो पहिल्या कडाक्यात गोठेल. त्याला विजेची हीट केबल गुंडाळून वरून इन्सुलेशन घालावं लागतं. मोबाइल होमसाठी मान्यता असलेलीच केबल घ्या, ती स्वतःवर आडवी घेऊ नका, आणि आधीची जुनी केबल तिथे असेल, रबर तडकलं असेल, तर ती आधी काढून फेका. या घरांच्या आगींमध्ये अशा जुन्या केबलींचा वाटा मोठा असतो.

छताबद्दल थोडक्यात. छताखालची पोकळी कडेला जेमतेम काही इंचांची असते. तिथे भरायचं तर सुटं फायबरग्लासच. कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज कोणी स्वस्तात भरून देतो म्हणाला तर नको म्हणा. ते जड पडतं, ओल धरतं, आणि या घरांची पातळ छतं त्याने खाली झोळ घेतात. हे काम स्वतः करायचं नाही. पण छतातले दिवे, पंखे, पाइप जिथून वर जातात तिथल्या फटी आतून सीलंटने भरता येतात. गरम चिमणीच्या भोवती मात्र काही भरू नका. भिंतींना यंदा हात लावू नका. खर्च आणि तोडफोड जास्त, फायदा त्या मानाने कमी.

आता आतून काचेवर साचणारा बर्फ. तो फक्त खिडकीचा दोष नाही. बाहेर १० अंश फॅरनहाइट आणि आत ७० असेल, तर एकेरी काचेचं आतलं अंग २५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली. घरात चाळीस टक्के आर्द्रता असली तर ४५ अंशांच्या खालच्या प्रत्येक गोष्टीवर दव धरणार. स्टॉर्म विंडो लावल्यावर आतल्या काचेचं तापमान याच ४५ च्या आसपास येतं. म्हणजे काठावर पास. आणि तुमच्या घरात नोव्हेंबरपासून माणसं दुप्पट, दोन वेळा कुकर, सकाळी बाबांची कडकडीत पाण्याची अंघोळ, नंतर बाळाचे लंगोट वाळत घातलेले. एवढ्याशा घरात ही वाफ जाणार कुठे? काचेवर, आणि काचेखालच्या लाकडात. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी पंखा चालू ठेवायचा, आणि तो हवा खरोखर बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडतो, ते आधी तपासायचं. जुन्या घरांत दुसराच प्रकार जास्त. कुकरची शिट्टी होत असताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवली तर आई रागावेल, पण ठेवा. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू द्या. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक घ्या आणि कडक थंडीत आकडा तीस ते चाळीसच्या मध्ये राहील असं बघा.

म्हणजे एकही खिडकी बदलायची नाही, असं मी म्हणत नाही. आई-बाबा ज्या खोलीत झोपणार आणि तुम्ही बाळाला घेऊन ज्या खोलीत झोपणार, त्या दोन खोल्यांच्या खिडक्या आज उघडून पाहा. हडच्या नियमांप्रमाणे प्रत्येक झोपायच्या खोलीत आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी एक खिडकी असते. उघडल्यावर निदान पाच चौरस फूट मोकळी जागा, कुठलंही माप बावीस इंचांपेक्षा कमी नाही. चाळीस वर्षांत ती गंजून बसली असेल, किंवा कोणी स्क्रू मारून कायमची बंद केली असेल, तर ती खिडकी मात्र पैसे मोजून बदला. तिच्या बदल्यात घेतलेली नवी खिडकीही त्याच जातीची, पूर्ण उघडणारी पाहिजे. फिल्म लावतानाही या खिडक्या वगळा, आणि तिथे आतली चौकट एका हिसक्यात निघेल अशीच बसवा. ज्या खिडकीखालचं लाकूड कुजलंय तीही बदला. माझ्या अंदाजाने बारापैकी दोन-तीन निघतील.

त्या विकत घेताना घरबांधणीच्या मोठ्या दुकानातली साधी खिडकी उचलू नका. मोबाइल होमची भिंत पातळ असते आणि पत्र्याच्या घरात खिडकी बाहेरून, पत्र्याच्या वर चपटी बसते. तिच्या चारही बाजूंना स्क्रूची भोकं असलेली पट्टी असते. साधी खिडकी जाडजूड, ती आत लाकडी चौकट वाढवल्याशिवाय बसत नाही. मोबाइल होमचं सामान विकणारी वेगळी दुकानं आहेत. तिथे ३० बाय ४० इंच वगैरे ठरावीक मापं तयार मिळतात आणि एक खिडकी साधारण दोन-तीनशे डॉलरला पडते. माप भिंतीतल्या मोकळ्या चौकोनाचं घ्यायचं, आधी रुंदी मग उंची, आणि प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजून त्यातलं लहान माप धरायचं. बसवणं म्हटलं तर दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. बाहेरचे स्क्रू काढून जुनी खिडकी सोडवायची, वाळलेली लुकण खरवडायची, नव्या खिडकीच्या पट्टीच्या मागे ब्यूटिल टेपची (चिकट रबरी पट्टीची) अखंड कड लावायची, खिडकी दाबून बसवून स्क्रू मारायचे. वरून आणि बाजूंनी सीलंटचा हात फिरवा. खाली पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती बुजवू नका. जुनी खिडकी निघाल्यावर भिंतीत डोकावून पाहा, आत गादी आहे की खाली घसरलीय. बोट पोचेल तिथवर भरून घ्या, ही संधी पुन्हा येत नाही. आणि पार्कच्या ऑफिसला आधी कळवा. बाहेरून दिसणाऱ्या बदलांना बहुतेक पार्कांत परवानगी लागते.

घर जसजसं बंदिस्त होतं तसतशी फर्नेसची काळजी वाढते. मोबाइल होमची फर्नेस ज्वलनासाठी हवा बाहेरून घेते, घरातून नाही. पण कोणी कधी साधी फर्नेस बसवून ठेवली असेल तर? डक्टसाठी माणूस बोलावलाच आहे तर हे त्याला तपासायला लावा. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आई-बाबांना थंडी वाजते म्हणून चिमणी नसलेला प्रोपेनचा हीटर आणू नका. तो ज्वलनाची वाफ आणि धूर दोन्ही खोलीतच सोडतो.

पैशांबद्दल. सेल्समन ज्या केंद्रीय करसवलतीचं सांगतोय ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर बसवलेल्या खिडक्यांना ती नाही. त्याला माहीत नसेल तर अज्ञान, माहीत असेल तर आणखी वाईट. त्याऐवजी दोन फोन करा. घरं थंडी-वाऱ्यापासून बंदिस्त करून देणारा केंद्र सरकारचा वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम १९७६ पासून चालू आहे, त्यात मोबाइल होम्सही येतात, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांचं काम फुकट होतं. लहान मुलं आणि वयस्क माणसं असलेल्या घरांना त्यात प्राधान्य असतं. दुसरा न्यूयॉर्क राज्याचा असाच कार्यक्रम, एम्पॉवर प्लस. पोस्टडॉकच्या पगारावर बसता की नाही हे कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवरही ठरतं, म्हणून स्वतःच नाही म्हणून मोकळे होऊ नका. मात्र व्हिसावर असाल तर सरकारी मदतीचा कुठलाही अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून घ्या. मदत मिळो न मिळो, एक तपासणी नक्की करून घ्या: दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि कुठून वारा येतो ते हाताला लागतं. कॉर्नेल कोऑपरेटिव्ह एक्स्टेंशन म्हणून कॉर्नेल विद्यापीठाची लोकांना सल्ला देणारी शाखा आहे, तिच्या तुमच्या काउंटीच्या ऑफिसात ही तपासणी कोण करतं ते सांगतील. गंमत बघा, वेदरायझेशनवाले स्वतः खिडक्या क्वचितच बदलतात. खर्चाच्या मानाने त्यातून बचत होते हे त्यांना कागदावर दाखवावं लागतं, आणि खिडक्यांच्या बाबतीत ते सहसा जमत नाही.

माझं उत्तर तुमच्याकडे पोचेपर्यंत तुम्ही सही करून बसला असाल, तरी घाबरू नका. विक्रेता घरी येऊन करार करून गेला असेल तर केंद्राच्या नियमाने कामकाजाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो लेखी रद्द करता येतो. रद्द करायचा छापील कागद त्यानेच द्यायला हवा. फोनवर सांगून थांबू नका, पत्र पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा.

राहता राहिला नवऱ्याचा मुद्दा. तो बरोबर आहे, फक्त निष्कर्ष अर्धवट आहे. भाड्याच्या जागेवरचं १९८४ सालचं घर विकताना नव्या खिडक्यांचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे मी या घरावरच्या प्रत्येक खर्चाला एकच कसोटी लावेन: तीन हिवाळ्यांत परत येतो का? चौकटी, पट्ट्या, फिल्म, मॅस्टिक, बेलीचं कापड, टेप, गादी, प्लास्टिक, हे सगळं मिळून काही शे डॉलरांत बसतं. वाचलेले पैसे पहिल्याच हिवाळ्यात बऱ्यापैकी दिसायला लागतील. दोन-तीन खिडक्या या कसोटीला उतरत नाहीत, पण त्या तुम्ही आगीसाठी बदलताय, बिलासाठी नाही. बाकी नऊ-दहा तशाच राहू देत.

तुमच्या हातात ऑक्टोबर संपेपर्यंतचा वेळ आहे. त्यानंतर सीलंट नीट धरत नाही आणि घराखाली सरपटायला कोणी तयार होत नाही. या शनिवारी स्कर्टिंग उघडा, खालचे फोटो काढा, आणि तपासणीच्या वेळेसाठी सोमवारी सकाळी फोन लावा. थंडी पडली की त्यांच्याकडे रांग लागते.